जांभया देणारी पिल्लं : मुळशीतल्या एका फेजंट शेडचं प्रकरण

९ जुलैच्या दुपारी काकांनी मला व्हॉट्सॲपवर ४० सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. जाळीमागे आठ आठवड्यांचं रिंगनेक फेजंटचं, म्हणजे कोंबडीच्या कुळातल्या एका लांब शेपटीच्या पक्ष्याचं, पिल्लू, मान पुढे ताणलेली, चोच उघडी, मध्येच डोकं झटकत होतं. आवाज मात्र एकच : पत्र्यावर कोसळणारा मुळशीचा पाऊस. मी तो दोनदा पाहिला, समोर पोपट घेऊन बसलेल्या बाईंना जरा थांबा म्हटलं आणि काकांना फोन लावला. "सीआरडी वाटतोय. टायलोसिन सुरू करा, पाच दिवस बघू." (सीआरडी हा कोंबड्यांचा श्वसनरोग, टायलोसिन त्यावरचं अँटिबायोटिक.)

पुढचे सहा आठवडे हे एक वाक्य निस्तरण्यात गेले.

कोथरूडमधल्या माझ्या दवाखान्यात येणारे पक्षी म्हणजे पोपट, लव्हबर्ड आणि गच्चीवरची कबुतरं. फेजंट वर्षातून चार-पाचदा दिसतात. हे प्रकरण मी काकांना विचारून, त्यांचं नावगाव गाळून लिहितोय. माझी चूक मात्र गाळलेली नाही.

शेड आणि तिथली वस्ती

काका आयटीतून निवृत्त झालेले. पौडच्या पुढे, ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत त्यांची दोन एकर जागा आहे. तिथे ३० देशी कोंबड्या, आठ टर्की, थोडे गिनी फाउल, सिल्व्हर फेजंटची एक जोडी आणि गोल्डन आणि रिंगनेकची पैदास. त्या वर्षी १५ मेच्या आसपास इन्क्युबेटरमधून रिंगनेकची ६४ आणि गोल्डनची २२ पिल्लं निघाली होती. रिंगनेकची अंडी २३-२४ दिवस उबवावी लागतात, कोंबडीपेक्षा दोन-तीन दिवस जास्त, आणि तेवढ्या दिवसांत काका मला रोज एक फोन करायचे.

रिंगनेक हा पक्षी आपल्याकडचा नव्हे. त्याच्या शास्त्रीय नावातलं 'कोल्चिकस' आलं काळ्या समुद्राकाठच्या कोल्चिस प्रांतावरून, म्हणजे आजच्या जॉर्जियातून. 'फेजंट' हा शब्दही तिथल्याच फासिस नदीवरून आला, जिला आता रिओनी म्हणतात. सह्याद्रीत या कुळातले म्हणायचे तर राखी रानकोंबडा, चकोत्री आणि अर्थात मोर. फेजंटच्या आजारांवर जे काही संशोधन झालंय त्यातलं बरंचसं ब्रिटनमधलं आहे. तिथे शिकारीसाठी दरवर्षी कोट्यवधी फेजंट वाढवून रानात सोडले जातात, आणि एवढे पक्षी दाटीने वाढवले की रोग आलेच. त्यांच्या पुस्तकांतली उत्तरं मुळशीच्या पावसात तशीच्या तशी लागू पडतात असं नाही, पण प्रश्न बहुतेक तेच असतात.

रिंगनेकची ६० पिल्लं जाळीच्या मोकळ्या रनमध्ये, म्हणजे कुंपण घातलेल्या अंगणात, मातीवर होती. चार पिल्लांचे पाय अधू होते म्हणून त्यांना गोल्डनच्या पिल्लांबरोबर तारेच्या तळाच्या उंच पिंजऱ्यात ठेवलं होतं. ही चार पिल्लं लक्षात ठेवा.

वाया गेलेला आठवडा

टायलोसिनच्या आधीही दोन औषधं देऊन झाली होती, हे मला नंतर कळलं. पहिली चोच १ जुलैला उघडी दिसली, तेव्हा खाद्याच्या दुकानातून एन्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक आणलं गेलं. ते संपल्यावर तीन दिवस पाण्यात हळद आणि लसूण. ६ जुलैपासून पिल्लं मरायला लागली. मी टायलोसिन सांगितलं तेव्हा आठ गेली होती. पाच दिवसांचा कोर्स संपून १६ जुलै उजाडला तेव्हा आकडा १९ वर होता.

सीआरडी म्हणजे मायकोप्लाझ्मामुळे होणारा कोंबड्यांचा जुनाट श्वसनरोग. पोल्ट्रीवाल्यांच्या तोंडी तो शब्द इतका बसलाय की पावसाळ्यात कोंबडी शिंकली की सीआरडी. मीही त्याच सवयीने बोललो. खरं तर व्हिडिओतच एक गोष्ट वेगळी होती. सीआरडीच्या पक्ष्याच्या नाकातून पाणी येतं, डोळ्यांत फेस येतो, डोळ्याखालचा भाग सुजतो. या पिल्लाचा चेहरा कोरडा आणि स्वच्छ होता. मला तो दिसला होता, पण मी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

१६ तारखेला सकाळी चांदणी चौकातून निघालो, पिरंगुटच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास अडकलो आणि साडेदहाला शेडवर पोचलो. पाऊस थोडा थांबला होता. रनच्या दाराशी उभं राहिल्यावर पहिल्यांदा तो आवाज ऐकला, जो व्हिडिओत पत्र्याने गिळला होता : बारीक, कोरडा, शिंक अडकल्यासारखा 'च्हिक्', आणि त्यामागोमाग डोकं झटकणं. एकाचा थांबला की दुसऱ्याचा.

शेडवर काम करणाऱ्या मावशी शेजारी उभ्या होत्या. "पंधरा दिस झालं, पिल्लं जांभया देत्यात," त्या म्हणाल्या. "मी सायबास्नी म्हनलं, ही सर्दी न्हाई. सर्दीत जांभई कोन देतं?"

इंग्रजीत या रोगाला 'गेप्स' म्हणतात. त्याचा अर्थ तोच, आ वासणं.

श्वासनलिका कापली तेव्हा

एवढी पिल्लं मेल्यावर मानमोडी (राणीखेत) आणि बर्ड फ्लू बाजूला केल्याशिवाय दुसरा विचार करायचा नसतो. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला, तेव्हापासून आम्ही सगळेच याबाबत जरा जपून असतो. मास्क, हातमोजे, जुना गाऊन चढवला आणि त्या पहाटे मेलेली तीन पिल्लं शेडबाहेर टेबलावर घेतली. नमुने औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवायला वेगळे काढून ठेवले. मानमोडीची लस पिल्लांना वेळेवर दिली होती आणि एकाही पक्ष्यात मान वाकडी होणं, लुळं पडणं असं काही नव्हतं, त्यामुळे ती शंका तशी कमीच होती.

पहिलं पिल्लू हातात घेतलं तेव्हा छातीचं हाड बोटाला सुरीसारखं लागलं. वजन ३१० ग्रॅम. त्याच दिवशी अंड्यातून निघालेलं, पिंजऱ्यातलं एक अधू पिल्लू त्याच्या जवळपास दुप्पट भरलं. हवेच्या पिशव्या उघडल्या तर काचेसारख्या स्वच्छ. सीआरडीत त्या धुरकट होतात, त्यांवर पिवळसर चीज साचतं. इथे माझं ९ जुलैचं निदान संपलं.

मग बारीक कात्रीचं टोक घशातून श्वासनलिकेत घातलं आणि नळी खालपर्यंत लांबीत उभी चिरली. आत रक्ताळलेला चिकट स्राव होता आणि त्यात लालभडक दोरे. चिमट्याने एक उचलला. तो गलोलीच्या बेचक्यासारखा होता, एक फांदी लांब आणि जाड, दुसरी आखूड. लांब फांदी म्हणजे मादी, जेमतेम दोन सेंटिमीटर. आखूड फांदी म्हणजे नर, तिच्या अंगाला कायमचा जोडलेला. हे दोघं मीलनाच्या अवस्थेतच आयुष्य काढतात, सुटे होत नाहीत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो दोन तोंडांचा एकच किडा वाटावा. रंग लाल, कारण तो रक्त पितो.

पहिल्या पिल्लात ११ जोड्या निघाल्या, दुसऱ्यात ७, तिसऱ्यात ९. आठ-नऊ आठवड्यांच्या फेजंटची श्वासनलिका बॉलपेनच्या रिफिलपेक्षा फार रुंद नसते. तिच्यात अकरा बेचक्या. नळीच्या आतल्या भिंतीवर गव्हाच्या दाण्याएवढ्या गाठी होत्या, जिथे नराने तोंड खोल रुतवलं होतं. टर्की आणि फेजंट यांच्या नळीत अशा गाठी सापडतात, कोंबडीच्या पिल्लात सहसा नाहीत. म्हणजे तोच जंत कोंबडीपेक्षा फेजंटला जास्त त्रास देतो. शिवाय कोंबडीत वयाबरोबर प्रतिकार येतो, फेजंट मोठे झाल्यावरही याच्या तावडीत सापडतात.

हा सिंगॅमस ट्रॅकिया. १७९९ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये अँड्र्यू वीझेनथाल या डॉक्टरने कोंबड्या आणि टर्कींच्या श्वासनलिकेतल्या या जंताबद्दल लिहिलं. त्याच्या शास्त्रीय नावापुढे मात्र १८११ साल आणि माँटेग्यू हे नाव लागतं. हा तोच इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ जॉर्ज माँटेग्यू, ज्याच्या नावाचा भोवत्या हा शिकारी पक्षी हिवाळ्यात आपल्या सासवड-सुप्याच्या माळांवर फिरताना दिसतो. पक्षिनिरीक्षक मित्रांना हे सांगितलं की त्यांना त्या माणसाने किडेही पाहिले याचं आश्चर्य वाटतं.

आंधळ्या आतड्यांत, म्हणजे आतड्याच्या टोक बंद असलेल्या फाट्यांत, आणखी एक पाहुणा होता : बारीक पांढरे, सेंटिमीटरभर लांबीचे पुष्कळ जंत. हेटेराकिस. तेव्हा मी वहीत एवढंच लिहिलं, 'हेटेराकिस, भरपूर. यकृत ठीक.' त्याचा हिशेब पुढे महिन्याने चुकता करावा लागला.

काकांना मी चिरलेली नळी दाखवली. ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "माणसाला होतं का हे?" मी म्हटलं, नाही, हा पक्ष्यांचा जंत आहे. "मग आला कुठून?"

पाटीतली गांडुळं

सिंगॅमसचा फेरा असा. मादी श्वासनलिकेत अंडी घालते. पक्षी ती खोकून वर आणतो, गिळतो, आणि ती विष्ठेतून मातीत पडतात. ओल आणि ऊब मिळाली तर एक-दोन आठवड्यांत अंड्याच्या आतच अळी लागण करण्याजोगी होते. पक्ष्याने ती थेट मातीतून टिपली तरी लागण होते. पण गांडूळ, गोगलगाय, शेंबडी गोगलगाय यांनी ती आधी खाल्ली तर अळी त्यांच्या अंगात कवच करून बसते. तिथे ती वाढत नाही, फक्त वाट बघते. गांडुळात ती साडेचार वर्षांपर्यंत जिवंत राहिल्याची नोंद आहे. पक्ष्याने असं गांडूळ खाल्लं की अळी आतड्याची भिंत भेदून रक्तातून फुप्फुसात जाते आणि आठवडाभरात श्वासनलिकेत पोचते. आणखी आठवडा-दीड आठवड्याने अंडी सुरू.

म्हणून मी काकांना तारखा विचारल्या. पिल्लं रनमध्ये कधी सोडली? "जूनच्या पहिल्या आठवड्यात." आणि मग पंधरा दिवसांत काय बदललं? काका म्हणाले, काहीच नाही. मावशी म्हणाल्या, "गांडुळं."

झालं असं होतं की काकांनी वाचलं, रानातली फेजंटची पिल्लं पहिले दोन आठवडे जवळजवळ पूर्णपणे किड्यांवर जगतात. हे खरं आहे. इंग्लंडमधल्या शेतांच्या बांधांवर तणनाशकांनी किडे कमी झाले तशी पिल्लांची जगण्याची शक्यताही घटली, यावर तिथे बरंच काम झालंय. फेजंटच्या पिल्लाला सुरुवातीला खाद्यात २८ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात, ब्रॉयलरच्या पिल्लालाही इतकी लागत नाहीत. बाजारातल्या कोंबडीच्या प्री-स्टार्टरमध्ये, म्हणजे लहान पिल्लांच्या खाद्यात, ती कमी पडतात आणि मग पिल्लं एकमेकांची पिसं उपटू लागतात. काकांच्या पिल्लांनी तसं सुरू केलंच होतं. तेव्हा काकांनी ठरवलं, जिवंत प्रथिनं द्यायची. घरचं गांडूळखताचं युनिट होतंच. १८ जूनपासून रोज सकाळी मावशी एक पाटी भरून गांडुळं रनमध्ये टाकायच्या आणि पिल्लं तुटून पडायची. पिसं उपटणं थांबलं, काका खूश झाले.

१८ जून ते १ जुलै, तेरा दिवस. आकडे जुळत होते.

गांडूळखताचे चार बेड शेडच्या मागे, सुपारीच्या झावळ्यांखाली. त्यात काय घालता विचारलं तर शेण, पालापाचोळा, आणि टर्की आणि कोंबड्यांच्या शेडमधलं लिटर, म्हणजे जमिनीवर अंथरलेला, विष्ठा मिसळलेला भुसा. सरळ, ताजं. इथे मला प्रकरणाची किल्ली सापडली असं वाटतं. उकिरड्यात ढीग रचून कुजवलेलं शेणखत आत ५५-६० अंशांपर्यंत तापतं आणि जंतांची अंडी त्यात मरतात. गांडूळखताची पद्धत मुळातच उलटी आहे. तापलं तर गांडुळं मरतात, म्हणून आपण बेड मुद्दाम थंड ठेवतो, पाणी शिंपडतो, सावली करतो. म्हणजे सिंगॅमसच्या अंड्याला हवं तेच सगळं. जाणकार लोक विष्ठा आधी पंधरा-वीस दिवस कुजवून तिचा ताप निघून गेल्यावर बेडवर घालतात. काकांकडे ती पायरी गळाली होती, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, कारण खत झाडांना जात होतं. झाडांना जंत होत नाहीत.

टर्कींची विष्ठा तपासली. आठांपैकी तिघींच्या नमुन्यात लांबट अंडी दिसली, दोन्ही टोकांना टोपणं असलेली, आत पेशींचा पुंजका. कॅपिलारिया या दुसऱ्या जंताच्या अंड्यालाही दोन टोपणं असतात, पण ते लहान आणि लिंबाच्या आकाराचं असतं. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही शेजारी पाहिली की गोंधळ होत नाही. या तिन्ही टर्की खणखणीत होत्या, एकीचीही चोच उघडी नव्हती. मोठी टर्की हा जंत अंगावर बाळगून फिरते आणि शेजाऱ्यांना वाटते.

गांडुळांचीही तपासणी करायची मला हौस होती. एक मूठभर गांडुळं ओळखीच्या परजीवीशास्त्राच्या प्राध्यापकांकडे नेली, त्यांनी ती पेप्सिनमध्ये पचवून गाळली. अळ्या निघाल्या, पण गांडुळाच्या अंगात त्याचे स्वतःचे सूत्रकृमी राहतातच, आणि या अळ्या कुणाच्या हे त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं नाही. मी तो पुरावा बाजूला ठेवला.

त्याऐवजी ती चार अधू पिल्लं. तीच जात, तीच अंडी, तोच दिवस, तेच खाद्य, फक्त तारेच्या तळावर आणि गांडुळांशिवाय. एकानेही जांभई दिली नव्हती. गोल्डनची २२ पिल्लंही ठणठणीत होती, पण ती जातच वेगळी, म्हणून त्यांच्यावर मी फारसा भार टाकत नाही. चार हा आकडा लहान आहे. तरी कात्री, तारखा, टर्कीची अंडी आणि ही चार पिल्लं एकाच दिशेला बोट दाखवत होती.

रात्रीचे डोस

गांडुळं त्याच दिवशी बंद झाली. मातीवरच्या ४१ पिल्लांना जंतनाशक द्यायचं होतं. फेनबेंडाझोल ठरवलं. डोस इथे लिहीत नाही, कारण लोक कबुतरालाही तोच देतात आणि कबुतरांत या औषधाने घात होतो, पिसं फुटण्याच्या दिवसांत तर नक्कीच. काकांच्या मोठ्या गोल्डन नरांची पिसं झडत होती, त्यांना मी ते दिलं नाही.

अडचण अशी की हे औषध पाण्यात विरघळत नाही, आणि आजारी पिल्लू खाद्य खात नाही. म्हणजे खाद्यातून दिलं तर सशक्तांना दुप्पट आणि ज्याला गरज त्याला शून्य. म्हणून पहिला निर्णय : प्रत्येकाला हाताने, सुई काढलेल्या एक मिलीच्या सिरिंजने चोचीच्या कडेतून.

फेजंट हातात घेणं हे कोंबडी धरण्यासारखं नसतं. तो घाबरला की सरळ वर उसळतो आणि डोकं छताला आपटून टाळूची कातडी सोलून घेतो. म्हणून फेजंटच्या रनला वर मऊ जाळी लावतात, पत्रा नव्हे. आम्ही अंधार पडल्यावर गेलो, टॉर्चला लाल कागद गुंडाळून. मावशी कोपऱ्यातून एकेक पिल्लू दोन्ही पंख अंगाला दाबून उचलायच्या, मी डोस द्यायचो, काका वहीत टिक करायचे. पहिल्या रात्री ४१ पिल्लांना पावणेदोन तास लागले.

सकाळी दोन मेली होती.

नळ्या उघडल्या. जंत मेले होते, पण मेलेल्या जंतांचा आणि स्रावाचा गोळा होऊन नळी खालच्या टोकाला बंद झाली होती. त्यावर धरपकडीची धावपळ. औषधाने काम केलं आणि पिल्लू गुदमरलं. खूप जंत असलेल्या पक्ष्यात हे होऊ शकतं हे मला माहीत होतं, पण मी हे गणित काकांना आधी सांगितलं नव्हतं, आणि ती सकाळ आमच्या दोघांसाठीही वाईट गेली.

दुसऱ्या रात्रीपासून पद्धत बदलली. जी पिल्लं खात होती त्यांना मॅशमध्ये, म्हणजे भरडलेल्या खाद्यात, मिसळून, थोडं थोडं, सलग काही दिवस. फक्त आठ अगदी अशक्त पिल्लांना हाताने, तीही एका खोक्यात शांत ठेवून. त्यांतली आणखी दोन गेली. २४ जुलैनंतर एकही मेलं नाही. 'च्हिक्' ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात थांबलं. ६४ पैकी ४१ पिल्लं राहिली, ४ पिंजऱ्यातली आणि ३७ मातीवरची.

दरम्यान रन रिकामा केला, कारण आजारी पिल्लांनीच जुलैच्या सुरुवातीपासून त्या मातीत अंडी टाकली होती आणि ओल्या मातीत ती पिकत होती. दुसरी लाट आली असती ती तिथून. पिल्लं बांबूच्या माचाणावर, पट्ट्यांच्या तळावर हलवली, खाली विष्ठा गळून पडेल अशी. प्रथिनांसाठी उकडलेली अंडी, सोयापेंड आणि बीएसएफ (ब्लॅक सोल्जर फ्लाय) माशीच्या सुकवलेल्या अळ्या. काकांना अळ्यांचा वास आवडत नाही. पिल्लांना चालतो.

टर्की

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात काकांचा फोन आला. "फेजंट मस्त आहेत हो. टर्की एक बसून आहे. शी पिवळीधमक."

गंधकासारखी पिवळी विष्ठा म्हटल्यावर मला माझी वही आठवली. 'हेटेराकिस, भरपूर.'

हेटेराकिस हा जंत स्वतः फारसा उपद्रवी नाही. पण त्याच्या अंड्यात हिस्टोमोनास नावाचा एकपेशीय जीव लपून प्रवास करतो, आणि हे अंडंही गांडूळ खातं. कोंबडी तो जीव बाळगते आणि सहसा आजारी पडत नाही. फेजंटमध्ये हेटेराकिस चांगला फोफावतो आणि फेजंट बहुधा निभावून नेतो. टर्कीच्या यकृताची मात्र तो वाट लावतो. त्या वर्षी पहिल्यांदाच काकांनी कोंबड्यांचं लिटर गांडूळखतात घातलं होतं, आणि मावशी पाटीत उरलेली गांडुळं रोज टर्कींपुढे टाकत होत्या. मी फेजंटची गांडुळं बंद केली, टर्कींबद्दल विचारलंच नाही. काकांनी सांगितलं नाही आणि मावशींना कुणी थांबवलं नाही.

ती टर्की दुसऱ्या दिवशी गेली. आंधळी आतडी चीजसारख्या घट्ट गाभ्याने भरलेली, यकृतावर गोल, मध्ये खचलेले डाग, नेमबाजीच्या चकत्यांसारखे. या रोगावर पूर्वी जी औषधं होती ती बऱ्याच देशांनी खाद्यप्राण्यांत बंद केली आहेत, आणि हातात उरतं ते फक्त वेगळं ठेवणं आणि हेटेराकिस मारणं. दोन आठवड्यांत आठांतल्या तीन टर्की गेल्या.

मावशी तेव्हा दोन दिवस कामावर आल्या नाहीत. काकांनी त्यांना काही म्हटलं नव्हतं, पण पाटी त्यांच्या हातातली होती. मी तिसऱ्या दिवशी मुद्दाम गेलो आणि त्यांच्यासमोर काकांना सांगितलं की जुलैत मी विचारायला हवं होतं. मावशींनी चहा दिला. आमच्यासाठी त्या साखर जास्त घालतात.

पुढचा जून

दुसऱ्या वर्षी ५२ रिंगनेक पिल्लं निघाली. ती मातीवर आलीच नाहीत. माचाणाखाली मुरूम टाकून सिमेंट केलंय, कारण रनची माती नुसती रिकामी ठेवून भागत नाही, तिच्यातली गांडुळं आहेतच आणि त्यांच्या अंगातल्या अळ्या काही वर्षं तग धरतात. पहिल्या पावसात गांडुळं सिमेंटच्या कडेपर्यंत वर आली तेव्हा मावशी झाडू घेऊन उभ्या होत्या. गांडूळखत चालू आहे, लिटर आता आधी ढिगात तीन आठवडे तापतं, आणि खत फक्त आंब्यांना जातं.

२० जूनला काकांनी पुन्हा एक व्हिडिओ पाठवला, पुन्हा पत्र्यावर पाऊस. मी फोन करून म्हटलं, व्हिडिओ नको, पिल्लू कानाशी धरा. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "काही नाही हो. नुसतं धापा टाकतंय, वर दोन तास कडक ऊन पडलं होतं." आठवड्याने सांगितलं, ते पिल्लू छान आहे.

उरलेल्या पाच टर्कींना जंतनाशक दोनदा देऊन झालंय. मागच्या महिन्यात त्यांचे नमुने पाहिले. चार स्वच्छ. पाचव्यात एका स्लाइडवर दोन टोपणांची तीन अंडी. ती पाचवी टर्की काकांच्या पाठोपाठ गेटपर्यंत चालत येते, म्हणून तिला काढून टाकायचा विषय त्यांच्याकडे निघत नाही. तिच्यासाठी कुंपणाच्या पलीकडे वेगळी खोपी बांधलीय. काका रोज संध्याकाळी तिथे जातात, आणि परत येताना गेटपाशी ठेवलेल्या चुन्याच्या घमेल्यात चपला बुडवतात.